टेकनमध्ये नॉक्टिस, स्ट्रीट फायटरमध्ये टेरी... गेस्ट कॅरेक्टर नक्की ठरवतं कोण?

पनवेलचा_पॉल:

मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. स्ट्रीट फायटर ६ या फायटिंग गेममध्ये मी सध्या एसएनके कंपनीच्या फेटल फ्युरीमधला टेरी खेळतोय आणि खरंच सांगतो, तो बाहेरून आलाय असं वाटतच नाही, त्याच्या बर्न नकल काय पॉवर गीझर काय, सगळ्या मूव्ह या गेमच्या ड्राइव्ह सिस्टिममध्ये इतक्या मस्त बसवल्यात. तर आमच्या ग्रुपवर वाद पेटला की हे गेस्ट, म्हणजे दुसऱ्या गेम-सिनेमातून आणलेली पात्रं, निवडतं कोण. एक मित्र म्हणतो फॅन लोकांची मागणी बघून डिरेक्टर ठरवतो, दुसरा म्हणतो जो पब्लिशर पैसे सोडेल त्याचा हिरो आत. मला दोन्ही पटत नाही. टेकन ८ च्या वेळी लोक फायनल फँटसी ७ मधल्या टिफासाठी टिफा टिफा करत होते आणि आला फायनल फँटसी १६ चा क्लाइव्ह. बरं टेकन ७ मध्ये नॉक्टिस होता, तोही स्क्वेअर एनिक्सचाच, म्हणजे काहीतरी पॅटर्न आहे ना? आणि निगन?? वॉकिंग डेडमधला बॅट घेऊन फिरणारा माणूस टेकनमध्ये, हे सुचलं तरी कुणाला? ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरा नीट उलगडून सांगा, नुसतं "मार्केटिंग आहे रे" नको.

गारूवाला:

पॉल, प्रश्न झकास आहे आणि तुझे दोन्ही मित्र अर्धे अर्धे बरोबर आहेत. माझं मत असं की डिरेक्टरच्या हातात यादी येते तेव्हा ती आधीच गाळून आलेली असते. कोणत्या कंपनीशी आपलं आधीपासून देणं-घेणं चालू आहे, गेम कोणाच्या कन्सोलवर निघणार, आणि समोरच्याला त्याच सुमाराला काय विकायचंय, या तीन गोष्टींतून जे उरतं त्यात मग डिझायनर आपली आवड बघतो.

सगळ्यात सरळ उदाहरण सोलकॅलिबर २ चं. २००३ ला कन्सोलवर आला तेव्हा नामकोने तीन कन्सोलसाठी तीन वेगळे गेस्ट ठेवले, गेमक्यूबवर लिंक, एक्सबॉक्सवर कॉमिकमधला स्पॉन आणि पीएस२ वर टेकनमधला स्वतःचाच हेइहाची. लिंक निन्टेन्डोचा, तो सोनीच्या मशीनवर दिसणं शक्यच नव्हतं. आणि स्पॉनचं बघ, त्याचा निर्माता टॉड मॅकफार्लेन, त्यानेच त्या गेमसाठी नेक्रिड नावाचं नवीन पात्र पण डिझाइन केलं आणि त्याच्याच कंपनीने सोलकॅलिबर २ ची खेळणी बाजारात आणली. म्हणजे आपल्याला दिसतो एक गेस्ट पण मागे अख्खा व्यवहार असतो, पात्र हा त्यातला एक भाग.

पुढे २००८ ला सोलकॅलिबर ४ मध्ये तेच, पीएस३ वर स्टार वॉर्सचा डार्थ वेडर आणि एक्सबॉक्स ३६० वर योडा, नंतर दोघं पैसे देऊन दोन्हीकडे मिळायला लागले. पण मला त्यातला तिसरा जास्त महत्त्वाचा वाटतो, तो अप्रेंटिस. तो फोर्स अनलीश्ड या गेमचा हिरो, आणि सोलकॅलिबर ४ आला जुलैत, फोर्स अनलीश्ड आला सप्टेंबरमध्ये. म्हणजे पोरगा स्वतःच्या गेमच्या आधी दुसऱ्याच्या गेममध्ये मारामारी करत होता! हे फॅनच्या मागणीने झालं असं कसं म्हणणार, तेव्हा त्याचे फॅनच नव्हते.

आता तुझ्या नॉक्टिसकडे ये, तो फायनल फँटसी १५ चा हिरो. फायनल फँटसी १५ पीसीवर आला ६ मार्च २०१८ ला, नॉक्टिस टेकन ७ मध्ये आला २० मार्च २०१८ ला. क्लाइव्हचं पण बघ, फायनल फँटसी १६ पीसीवर सप्टेंबर २०२४ मध्ये आणि क्लाइव्ह टेकनमध्ये त्याच डिसेंबरला. टिफा कितीही लाडकी असली तरी त्या वेळी स्क्वेअरला पीसीवाल्यांसमोर मिरवायचा होता तो क्लाइव्ह, माझा तरी हिशेब हाच.

आणि सोलकॅलिबर ६ मध्ये विचरचा गेराल्ट आला तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं, पोलंडची कंपनी आणि जपानी तलवारबाजीचा गेम यांचा काय संबंध म्हणून. अरे विचर ३ चं युरोपातल्या बऱ्याच देशांत वितरण बांदाई नामकोच करत होती, फोन नंबर आधीच सेव्ह होता.

जुना_पार्लर:

गारूवाल्याने धंद्याची बाजू बरोबर मांडली पण टेरी आणि माईचं प्रकरण नुसतं तेवढं नाहीये रे. आमच्या पिढीला स्ट्रीट फायटर आणि किंग ऑफ फायटर्स हे दोन शेजारी माहितीयेत. महाराष्ट्रात कुठल्याही गावात जा, स्टँडजवळच्या नाहीतर शाळेसमोरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये किंग ऑफ फायटर्स ९७ ची मशीन असायचीच, एका कॉइनवर कोण टिकतं त्यावरून पोरांची इज्जत ठरायची. टेरी, माई, इओरी ही नावं घराघरातल्या पोरांना पाठ होती, कंपनीचं नाव एसएनके आहे हे कुणाला माहीतही नव्हतं.

आणि त्या दोन कंपन्यांचं नातं खूप जुनं आहे. १९८७ चा पहिला स्ट्रीट फायटर ज्यांनी डिरेक्ट केला ते ताकाशी निशियामा नंतर एसएनकेमध्ये गेले आणि तिथे फेटल फ्युरी उभी केली, १९९१ ला आली ती. मग कॅपकॉमने चिडवायला डॅन हिबिकी काढला, एसएनकेच्या र्‍यो आणि रॉबर्टची थट्टा होती ती उघड उघड. मग भांडता भांडता सोयरीक झाली, १९९९ ला निओ जिओ पॉकेटवर मॅच ऑफ द मिलेनियम, २००० आणि २००१ ला कॅपकॉम व्हर्सेस एसएनके, २००३ ला एसव्हीसी केऑस. मध्ये २००१ ला एसएनकेचं दिवाळंसुद्धा निघालं. आणि त्या केऑसनंतर दोघांची मिळून एकही फायटिंग गेम आली नाही.

म्हणून जून २०२४ ला ट्रेलरमध्ये टेरीची टोपी दिसली तेव्हा मला जे वाटलं ते नुसतं डीएलसी (नंतर वेगळं विकत मिळणारं पात्र) बघून वाटत नाही. नंबरवाल्या स्ट्रीट फायटरमध्ये बाहेरच्या कंपनीचं पात्र तोपर्यंत कधी आलंच नव्हतं. पहिला मान टेरीला आणि फेब्रुवारी २०२५ ला माईला, आणि परतफेड म्हणून केन आणि चुन-ली फेटल फ्युरीच्या नव्या गेममध्ये, सिटी ऑफ द वुल्व्ह्जमध्ये. दोघांनी एकमेकांना आपापले हुकमी एक्के दिलेत, लपवाछपवी नाही. हे सगळ्यात निरोगी डील आहे असं मी छाती ठोकून सांगतो.

बाय द वे, टेकन ३ मधला गॉन आठवतो का कुणाला? तो छोटा डायनासोर? आपल्याकडे पीएस१ वर टेकन ३ खेळलेल्या प्रत्येकाने त्याच्याकडून मार खाल्लाय, उंचीच एवढीशी की वरचे पंच डोक्यावरून जायचे. तो पण गेस्टच होता, मासाशी तानाका यांच्या मांगामधला. नंतरच्या नंबरवाल्या टेकनमध्ये तो कधी परत आला नाही, कारण घरचा नव्हता. हेइहाची मेला तरी परत येतो, गॉन नाही येत.

स्मॅशवेडी:

सॉरी पण तुम्ही दोघं निर्मात्याला फारच बाजूला टाकताय. निन्टेन्डोचा स्मॅश ब्रदर्स घ्या, त्यात वेगवेगळ्या गेमची पात्रं एकमेकांशी भिडतात. किंगडम हार्ट्स या गेमच्या हिरोची, सोराची गोष्ट सांगते. २०१५ ला निन्टेन्डोने लोकांकडून मतं मागवली होती की स्मॅशमध्ये कोण हवं, आणि नंतर २०२१ ला त्यांनी जाहीर केलं की त्यात एक नंबरला सोरा होता. एक नंबरला! तरी यायला सहा वर्षं लागली कारण किंगडम हार्ट्समध्ये डिस्ने बसलंय. आणि ते कसं सुटलं, तर स्मॅशचे डिरेक्टर साकुराईंनीच सांगितलंय की एका पुरस्कार सोहळ्याच्या ठिकाणी त्यांची डिस्नेमधल्या निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाशी गाठ पडली आणि तिथून गाडी पुढे सरकली. माणसं भेटली म्हणून झालं. हे तुमच्या गाळण्याच्या हिशेबात कुठे बसतं?

पण हो, एक गोष्ट मात्र मान्य, डील किती मोकळ्या हाताने झालंय ते पात्राकडे बघून नाही कळत, पात्राच्या आजूबाजूला बघून कळतं. सोरा आला पण डॉनल्ड नाही, गूफी नाही, स्पिरिट्समध्ये, म्हणजे गेममधल्या जमवायच्या पात्रांच्या चित्रांत पण फक्त किंगडम हार्ट्सची स्वतःची माणसं. क्लाउड आठवा, फायनल फँटसी ७ सारखा गेम, त्याच्या संगीतावर लोक जीव टाकतात, आणि स्मॅशमध्ये त्याच्यासोबत गाणी आली फक्त दोन. दोन! त्याच्या उलट टेरी नोव्हेंबर २०१९ ला आला तेव्हा एसएनकेने ५० ट्रॅक दिले, आख्खी कपाटं उघडून दिल्यासारखी, आणि स्टेजच्या मागे फेटल फ्युरी आणि किंग ऑफ फायटर्सचे लोक येऊन उभे राहतात. मी त्या प्रेझेंटेशनमध्ये गाण्यांची यादी खाली खाली सरकताना बघितली आणि तेव्हा कळलं की एसएनकेला हे किती हवं होतं. पुढे फायनल फँटसी ७ चाच व्हिलन सेफिरॉथ आला तेव्हा स्क्वेअरने आणखी नऊ गाणी सोडली, म्हणजे मधल्या काळात काहीतरी सैल झालं.

आणि माई? त्याच स्टेजवर माई नाही, साकुराईंनी सांगितलं की गेम लहान मुलंही खेळतात म्हणून ठेवली नाही. तीच माई स्ट्रीट फायटर ६ मध्ये मुख्य गेस्ट. देणारी कंपनी एकच, पात्र एकच, घेणाऱ्याचं घर वेगळं. त्यामुळे "कोण ठरवतं" ला एक उत्तर नाहीच.

गारूवाला:

स्मॅशवेडी, गाण्यांचा मुद्दा जबरदस्त आहे, मी असा कधी विचार केला नव्हता. पण सोराच्या गोष्टीने माझंच म्हणणं पक्कं होतं ना? मागणी २०१५ ला होती, साकुराईंची इच्छा पण असेल, तरी दार उघडलं ते हक्क ज्याच्याकडे होते त्याने होकार दिल्यावरच. आणि स्मॅश अल्टिमेटच्या पहिल्या पासातली (एकत्र विकलेली) पाच डीएलसी पात्रं निन्टेन्डोने निवडली असं साकुराईंनी स्वतः लिहिलं होतं २०१८ ला. ते मग बसून एकेक मूव्ह जीव ओतून बनवतात, त्यात कुणाची बरोबरी नाही, पण नावं वरून आली होती.

बेयोनेटाचं पण तसंच. मूळची सेगाची, तिचा पहिला गेम पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वर. मग दुसरा भाग २०१४ ला निन्टेन्डोने पब्लिश केला, तेव्हा फक्त त्यांच्या वी यू कन्सोलवर, आणि त्यानंतर ती स्मॅशमध्ये. दुसरा भाग निन्टेन्डोकडे आला नसता तर तिचा विचार तरी झाला असता का, मला नाही वाटत.

मॅग्नेटो_परत_द्या:

तुम्ही सगळे कोण आला यावर बोलताय, मी कोण गायब झाला त्यावर बोलतो कारण भागीदारीची खरी ताकद तिथे दिसते.

कॅपकॉम आणि मार्व्हलचं फायटिंग गेममधलं नातं १९९४ च्या एक्समेन चिल्ड्रन ऑफ द अ‍ॅटमपासूनचं, मग एक्समेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर, मग २००० सालचा मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ ज्यात ५६ पात्रं. या सगळ्या मालिकेचा पायाच एक्समेन. मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनल ही नावं घेतली की टूर्नामेंटवाल्यांचे डोळे चमकतात. आणि २०१७ ला मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम इन्फिनिट आला तर त्यात एकही एक्समेन नाही. वुल्व्हरिन नाही, मॅग्नेटो नाही, डॉक्टर डूम सुद्धा नाही. आहेत कोण, तर गमोरा, रॉकेट, अल्ट्रॉन, थॅनोस, कॅप्टन मार्व्हल, म्हणजे मार्व्हल स्टुडिओच्या सिनेमातले किंवा येऊ घातलेल्या सिनेमातले. एक्समेन आणि फँटास्टिक फोरच्या सिनेमाचे हक्क तेव्हा फॉक्सकडे होते, तर सगळ्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला. वर कॅपकॉमकडून उत्तर काय आलं तर पात्रं म्हणजे शेवटी फंक्शन्स, मॅग्नेटोचा आठ दिशांचा डॅश आवडतो ना मग नोव्हा घ्या, अल्ट्रॉन घ्या. अरे भावा, वीस वर्षं मॅग्नेटो खेळणाऱ्या माणसाला तू हे सांगतोस? तो नुसता डॅश नाहीये, त्याचा आवाज, त्याची ती हवेतली ऐट, त्याच्याबरोबर हरलेल्या-जिंकलेल्या सगळ्या मॅचेस आहेत. तो गेम खेळायला खरं तर भारी होता, सिस्टिम उत्तम, पण लोकांनी त्याला मनापासून घेतलंच नाही आणि माझ्या मते रोस्टर, म्हणजे पात्रांची यादी, हे त्यातलं मोठं कारण.

आणि लायसन्स संपलं की काय होतं ते पण बघा. मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या ऑनलाइन दुकानात मिळत होता तो २०१३ च्या शेवटी दुकानातून काढून टाकला, आणि कन्सोलवर परत विकत मिळायला लागला तो सप्टेंबर २०२४ च्या कलेक्शनमध्ये. दहा वर्षांहून जास्त, नवीन पोरांनी तो रीतसर विकत घ्यायचा ठरवला तरी नव्या कन्सोलवर सोयच नव्हती. म्हणून मी गेस्ट बघितला की आनंदाबरोबर थोडी भीती पण वाटते.

पनवेलचा_पॉल:

वा, हे सगळं सोनं आहे. दोन गोष्टी राहिल्या. निगनचं कुणीच सांगितलं नाही. आणि मॉर्टल कॉम्बॅटमध्ये तर दरवर्षी सिनेमावाले येतात, ते कसं जमतं त्यांना?

गारूवाला:

मॉर्टल कॉम्बॅटचं गणित सोपं आहे, ती काढणारी मिडवे कंपनी बुडाली आणि २००९ ला वॉर्नरने ती मालिका घेतली. त्यानंतर फ्रेडी क्रूगर, जेसन, जोकर, पीसमेकर, सगळे वॉर्नरच्या घरातल्याच कपाटातले. बाहेरून आणलेलेही आहेत, टर्मिनेटर मॉर्टल कॉम्बॅट ११ मध्ये ऑक्टोबर २०१९ ला आला आणि त्याच सुमारास डार्क फेट सिनेमा थिएटरमध्ये. चेहरा श्वार्झनेगरचा पण आवाज दुसऱ्याचा. रॅम्बोला मात्र स्टॅलोनने स्वतः आवाज दिला, रोबोकॉपला पीटर वेलरने. तेच स्मॅशवेडी म्हणते ते, चेहऱ्याचं डील वेगळं, आवाजाचं वेगळं.

निगन एएमसीच्या मालिकेतला, २०१८ च्या इव्हो या फायटिंग गेम स्पर्धेत जाहीर झाला, आवाज जेफ्री डीन मॉर्गनचाच. पण स्ट्रीट फायटरच्या अकुमाशी तुलना कर. अकुमा टेकन ७ च्या कथेच्या पोटात आहे, हेइहाचीची बायको काझुमीने त्याच्याकडून वचन घेतलेलं असतं हेइहाची आणि काझुयाला मारायचं. कॅपकॉमने २०१२ ला स्ट्रीट फायटर क्रॉस टेकन काढला, नामकोने काढायचा होता तो टेकन क्रॉस स्ट्रीट फायटर कधी आलाच नाही, त्यामुळे अकुमाला मी त्या अर्धवट राहिलेल्या देण्याघेण्याचा भाग समजतो. जुनी ओळख असली की पात्र कथेत शिरतं, नवी असली की दारात उभं राहतं. निगन मस्त बनवलाय पण टेकनच्या कथेला तो नसल्याने काही फरक पडत नाही.

पनवेलचा_पॉल:

मग रोनाल्डो?

जुना_पार्लर:

मला माहीत होतं कुणीतरी हे विचारणार. मी या बाबतीत शांत राहू शकत नाही.

२०२२ ला एसएनकेचे ९६ टक्के शेअर सौदीच्या मिस्क फाउंडेशनच्या कंपनीकडे गेले. मिस्क युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी स्थापन केलेली. रोनाल्डो खेळतो सौदीच्या अल नासरकडून. मार्च २०२५ ला जाहीर झालं की क्रिस्टियानो रोनाल्डो सिटी ऑफ द वुल्व्ह्जमध्ये खेळता येणार, आणि साल्वातोरे गानाची नावाचा डीजे पण. गेम आला २४ एप्रिलला. सुरुवातीच्या १७ पात्रांत हे दोघं. आणि अँडी बोगार्ड आणि जो हिगाशी डीएलसीमध्ये! १९९१ च्या पहिल्या फेटल फ्युरीत निवडायला तीनच जण होते, टेरी, अँडी आणि जो. त्या तिघांपैकी दोघं बाहेर थांबले आणि फुटबॉलपटू आत बसला. गारू, म्हणजे आधीचा फेटल फ्युरी, त्यानंतर २६ वर्षांनी आलेला गेम आहे हा, २६ वर्षं वाट बघितली लोकांनी. रोनाल्डोबद्दल माझा राग नाही, मैदानावर तो राजा आहे, पण फेटल फ्युरीच्या साउथ टाउन शहरात त्याचं काय काम?

स्मॅशवेडी:

दादा तुमचं दुःख कळतं, पण त्याच मालकाच्या काळात केन आणि चुन-ली पण आले ना? आणि ॲनिमेशन बघा, रोनाल्डो फुटबॉल मारतो ते बनवणाऱ्यांनी मन लावून बनवलंय, त्या डेव्हलपर लोकांनी थोडीच ठरवलं त्याला आणायचं. त्यांना जे हातात दिलं त्याचं त्यांनी नीट काम केलं.

जुना_पार्लर:

डेव्हलपरला मी एक शब्द बोलत नाहीये पोरी, त्यांचं काम उत्तमच आहे. फरक एवढाच की टेरी-केनच्या वेळी दोन्ही बाजूंना एकमेकांच्या पात्रांची किंमत माहीत होती. कॅपकॉमने टेरीला नवीन टॉन्ट दिले, जुन्या पोझ ठेवल्या, टोपी फेकतो तेव्हा "ओके" म्हणतो ते पण ठेवलं, कारण तिथे बसलेली माणसं पार्लरच्या काळापासून त्याला ओळखतात. रोनाल्डोला मालक ओळखतो. आणि जागा दिली ती अँडीची दिली, हे मी नाही विसरत.

मॅग्नेटो_परत_द्या:

सहमत. तुमचा अँडी निदान पहिल्याच सीझन पासमध्ये आला. मॅग्नेटो इन्फिनिटमध्ये आलाच नाही, आणि मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ परत विकत मिळायला २०२४ उजाडलं. पॉल, तू टेरी खेळतोयस ना, मग माई पण घेऊन ठेव, लायसन्सच्या मालाचं पुढे काय होईल त्याचा भरवसा धरू नको.